कॉलेजांत धाडलें, पण अभ्यास कोण शिकविणार ?

मृगाच्या पेरण्या आटोपतात न आटोपतात तोंच कॉलेजांच्या प्रवेशाची धांवपळ सुरू होते. शाळेचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचें खातें, वसतिगृहाचा अर्ज, या सर्वांपायीं आमचा शेतकरी व कारागीर बाप महिनाभर तालुक्याच्या गांवीं हेलपाटे घालतो. कोणी दुभती म्हैस विकतो, कोणी सोसायटीचें कर्ज उचलतो, कोणी रात्रीचा दिवस करून शिलाईचें यंत्र हाणतो. मग एके दिवशीं पोराला किंवा पोरीला ट्रंकेसह एस्‌टींत बसवून दिलें, कीं 'चला, आतां तें शिकेल' असें म्हणून घर मोकळा श्वास घेतें.

आमचें म्हणणें असें आहे कीं, खरी अडचण येथूनच सुरू होते. पहिल्या सत्राचा निकाल लागतो आणि गांवच्या शाळेंत पहिला आलेला पोरगा दोन विषयांत आपटलेला असतो. एटीकेटी म्हणजे काय हें त्या दिवशीं बापाला प्रथम कळतें. घरचे म्हणतात, 'पोराला डोकें नाहीं, पैसा फुकट गेला.' शहरांतले कांहीं शहाणे म्हणतात, 'या लोकांच्या पिढ्यांत विद्याच नाहीं, ती येणार कोठून ?' यांतलें पहिलें म्हणणें अज्ञानाचें आहे आणि दुसरें लबाडीचें. पोरगा मात्र दोन्ही ऐकतो, दोन्ही खरीं मानतो आणि दुसऱ्या सत्राआधींच गांवीं परत येऊन कोणाच्या तरी टेंपोवर बसतो. असें पोर परत आलें म्हणजे त्याच्या मागच्या धाकट्या भावंडांची वाटही बंद होते. म्हणून हा प्रश्न एकट्या पोराचा नव्हे.

वाचकहो, अभ्यास हा एक हुनर आहे. सुताराच्या पोराला रंधा कसा धरावा हें कोणी वर्ग भरवून शिकवीत नाहीं. तें बापाशेजारीं बसतें, चार फळ्या बिघडवितें आणि त्याचा हात वळतो. ज्या घरांत तीन पिढ्या पदवीधर आहेत तेथें अभ्यासाचेंही असेंच होतें. काकानें जुन्या प्रश्नपत्रिका कशा सोडविल्या, आत्या प्राध्यापकांना शंका विचारायला कशी गेली, हें त्या घरचें मूल जेवतां जेवतां ऐकतें. त्याला तें शिकल्यासारखें वाटतही नाहीं; पुढें तो त्याला आपली उपजत बुद्धि समजतो. आमच्या घरीं रंध्याचा हात आहे, पाभरीचा आहे, मागाचा आहे, पुस्तकाचा नाहीं. जें घरीं मिळालें नाहीं तें मुद्दाम शिकावें लागतें, एवढाच काय तो फरक. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं.

शाळेंत आम्ही मास्तर लोक धडा वाचून दाखवितों, प्रश्न देतों, उत्तरें फळ्यावर लिहितों आणि तीच उत्तरें परीक्षेंत मागतों. कॉलेजांत असें होत नाहीं. तेथें प्राध्यापक तासभर बोलतात व निघून जातात. चार साडेचार महिन्यांत सत्र संपतें. कोणी वही तपाशीत नाहीं, कोणी कान धरीत नाहीं. मुलगा समजतो कीं अभ्यासच नाहीं. आणि परीक्षेला पंधरा दिवस उरले म्हणजे बाजारांतलें गाईड आणून रात्रभर तेंच तेंच वाचीत बसतो, ओळींखालीं पिवळ्या शाईच्या रेघा ओढतो. चौथ्यांदा वाचतांना सर्व ओळखीचें वाटतें. ओळखीचें वाटणें आणि येणें यांतला भेद त्याला परीक्षेच्या खोलींतच कळतो. रोज एस्‌टीच्या खिडकींतून जाणाऱ्याला वाट पाठ झाली असें वाटतें. त्यालाच रात्रीं पायीं सोडा म्हणजे कोणत्या फांट्यावर वळावें हें सांपडत नाहीं.

हें आम्ही पदरचें सांगत नाहीं. अमेरिकेंत सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे रोडिगर आणि कार्पिक या दोघां मानसशास्त्रज्ञांनीं २००६ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचावयास दिला. मग कांहींनीं तोच उतारा पुन्हां वाचला, आणि कांहींनीं उतारा मिटवून आठवेल तेवढें कोऱ्या कागदावर लिहून काढलें. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां पुन्हां वाचणारे थोडे पुढें होते. परंतु आठवड्यानें घेतली तेव्हां पुन्हां वाचणाऱ्यांना शेंकडा ४२ आठवलें आणि लिहून काढणाऱ्यांना शेंकडा ५६. म्हणजे पुन्हां पुन्हां वाचणें हें उद्यां सकाळच्या पेपरापुरतें फसवें सुख आहे.

तेव्हां नव्या विद्यार्थ्यानें एवढेंच करावें. पान दोन पानें लक्ष लावून वाचावीं, पुस्तक मिटावें आणि कोरा कागद पुढें ओढून काय वाचलें तें लिहावें. पहिल्या दिवशीं चार ओळी होतील आणि मेंदूला घाम फुटेल. पुस्तक उघडून पाहावें, काय सुटलें तें निराळ्या शाईनें भरावें. हें काम वाचण्याहून जड वाटतें म्हणून पोरें सोडून देतात. पण नांगर जड लागतो तेथेंच जमीन उलटत असते. हिशेबाचे व गणिताचे विषय असतील तर सोडविलेलें उदाहरण नुसतें पाहूं नये. तें झांकून स्वतः सोडवावें, आणि निरनिराळ्या प्रकरणांतलीं गणितें मिसळून घ्यावीं, कारण परीक्षेंत कोणतें गणित कोणत्या प्रकरणांतलें हें कोणी सांगत नाहीं.

दुसरी गोष्ट पाण्याच्या पाळीची. एबिंगहाउस नांवाच्या जर्मन पंडितानें निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ करून, किती विसरलें याचें मोजमाप केलें आणि तें १८८५ सालीं छापलें. विसरणें पहिल्या कांहीं तासांत व दिवसांत झपाट्यानें होतें आणि मग मंदावतें, असें त्यास आढळलें. पाठांतर एकाच बैठकींत रेटण्यापेक्षां दिवसांवर वांटून केलें तर कमी श्रमांत टिकतें, हेंही त्यानेंच दाखविलें. आमच्या शेतकऱ्याला हें सांगावयास जर्मनी कशाला पाहिजे ? उसाला आठ पाळ्यांचें पाणी एकाच रात्रीं सोडलें तर ऊस वाढेल काय ? सरींत पाणी तुंबेल आणि मुळ्या कुजतील. तरी तोच शेतकरी पोरगा परीक्षेच्या आदल्या रात्रीं चार महिन्यांचें पाणी एकदम सोडतो, आणि बापही कौतुकानें सांगतो कीं पोरगें रात्रभर जागलें ! आज शिकलेलें परवां एकदां, आठवड्यानें एकदां आणि महिन्यानें एकदां, तेंही पुस्तक मिटून, आठवून पाहावें. रात्रीं मात्र झोंपावें.

आतां आमच्या अशिक्षित आईबापांसाठीं. 'आम्हांला अक्षर येत नाहीं, आम्ही काय मदत करणार ?' असें आम्ही शेंकडों वेळां ऐकलें आहे. आमचें उत्तर असें, कीं तुमच्याइतका चांगला परीक्षक विद्यापीठांत मिळणार नाहीं. रोज रात्रीं पोराला फोन करतां आणि विचारतां काय, तर 'जेवलास का ?' हें जरूर विचारा. पण त्यावर एक प्रश्न वाढवा : 'आज काय शिकलास, तें मला कळेल असें सांग.' अर्थशास्त्र शिकणाऱ्या पोरानें चलनवाढ म्हणजे काय हें आईला बाजारच्या तेलाच्या डब्यावरून सांगावें. वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या मुलीनें हरभऱ्याच्या मुळांवर गांठी कां येतात हें बापाला सांगावें. तुम्ही 'म्हणजे काय ?' असें दोनदां विचारा. जेथें पोर अडखळेल, 'तुला नाहीं कळायचें' म्हणून चिडेल, तेथेंच त्याला स्वतःला कळलेलें नाहीं असें खुशाल समजा. पाठ केलेलें शब्द बदलले कीं गळून पडतें. समजलेलें आईच्या भाषेंतही उभें राहतें.

भाषेचा विषय निघालाच आहे. मराठींत बारावी झालेला मुलगा शास्त्राच्या वर्गांत बसतो आणि पहिले दोन महिने इंग्रजीच्या पुरांत वाहून जातो. त्याची बुद्धि बुडालेली नसते, फक्त शब्द बुडालेले असतात. त्यानें एक लहान वही करावी. रोज आपल्या विषयांतले आठ दहा शब्द, त्यांचा मराठी अर्थ आणि एक उदाहरण. धडा आधीं मराठींत समजून घ्यावा, मग इंग्रजींत लिहावा. कला व वाणिज्य शाखांत कित्येक विद्यापीठें मराठींतून उत्तरें लिहूं देतात. तेथें केवळ ऐट म्हणून इंग्रजी घेऊन मोडकीं वाक्यें लिहिण्यांत कसला पुरुषार्थ आहे तें आम्हांस कळत नाहीं.

आतां जी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते तिच्याकडे वळूं. १९७० च्या दशकांत अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील बर्कली येथील विद्यापीठांत यूरी ट्रीझमन नांवाचा गणिताचा एक तरुण शिक्षक होता. पहिल्या वर्षाच्या गणितांत कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येनें नापास होत आणि चिनी वंशाचे विद्यार्थी पुढें जात. त्यानें प्राध्यापकांना कारण विचारलें. उत्तरें ओळखीचींच आलीं : त्यांना तळमळ नाहीं, त्यांचा पाया कच्चा, घरचें पाठबळ नाहीं, गरिबी आहे. ट्रीझमननें या उत्तरांवर विश्वास ठेवला नाहीं. त्यानें दोन्हीं गटांतील वीस वीस विद्यार्थी निवडले आणि तीं पोरें अभ्यास करतात कशीं, हें त्यांच्या खोल्यांत जाऊन पाहिलें. काय आढळलें ? कृष्णवर्णीय मुलें कष्टाळू होतीं, त्यांच्या आईबापांनीं शिक्षणासाठीं जीव टाकलेला होता, कित्येकजण आपापल्या शाळेंत पहिले आलेले होते. परंतु तीं एकेकटीं अभ्यास करीत. आठवड्याला सहा ते आठ तास दार लावून बसत, अडलें तर अडलेलेंच राही आणि दोष आपल्या डोक्याला देत. चिनी मुलें आठ दहा तास एकटीं बसत, आणि मग संध्याकाळीं जेवणाच्या सुमारास एकत्र जमून एकमेकांचीं उत्तरें तपाशीत. जें गणित कोणालाच सुटलें नाहीं तें पुस्तकांतच अवघड आहे, हें त्यांना लगेच कळे. जें इतरांना सुटलें व आपल्याला नाहीं, तें तेथल्या तेथें शिकून घेत. ट्रीझमननें मग कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठीं अशाच बैठका चालू केल्या. 'कच्च्यांचा वर्ग' अशी पाटी न लावतां, त्यांना मुद्दाम अवघड गणितें घातलीं. त्या बैठकांना बसणारीं मुलें पुढें इतरांच्या बरोबरीला आलीं, कित्येक पुढेंही गेलीं.

हें वाचतांना आमच्या डोळ्यांपुढें कोल्हापूर आणि साताराच उभा राहिला. शाहू महाराजांनीं १९०१ सालीं कोल्हापुरास व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलें आणि पुढें जातीजातींच्या मुलांसाठीं वसतिगृहें उभीं केलीं. भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ सालीं सातारच्या वसतिगृहांत सर्व जातींचीं पोरें एका पंगतीला बसविलीं. तीं बोर्डिंगें म्हणजे नुसती भाकरीची सोय, असें पुष्कळांस वाटतें. आमच्या मतें तेथें आणखी एक गोष्ट मिळे : ज्याच्या सात पिढ्यांत कोणी पुस्तक धरलें नाहीं त्या पोराला शेजारीं बसून अभ्यास करणारें दुसरें तसेंच पोर मिळे. आज भाड्याच्या खोलींत एकटा पडलेला आमचा विद्यार्थी नेमकें तेंच गमावून बसला आहे. त्याच्या हातांत मोबाईल आहे आणि मोबाईलांत तीनशें जणांचा गट आहे, पण तेथें 'आयएमपी' प्रश्नांचे फोटो येतात. 'मला हें कळलें नाहीं' असें कोणी लिहीत नाहीं.

म्हणून मुलांनो, तिघे चौघे मिळवा. आधीं प्रत्येकानें एकट्यानें सोडवावें, मगच बसावें. हा क्रम उलटला कीं बैठकीचा कट्टा होतो आणि एकजण राबतो, बाकीचे उतरवून घेतात. आणि प्राध्यापकांकडे जा. 'विचारलें तर हंसतील' ही भीति आमच्या पोरांच्या हाडांत बसली आहे. एखादा हंसेलही. त्याच्या शेजारच्या खोलींत सांगणारा दुसरा बसलेला असतो.

घरासाठीं एक कडू गोष्ट सांगणें भाग आहे. २०२४ सालीं महाराष्ट्र सरकारनें व्यावसायिक अभ्यासक्रमांत ओबीसी, मराठा व आर्थिक दुर्बल घटकांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची शिक्षणाची व परीक्षेची फी पूर्ण माफ केली. फी सरकारनें दिली. वेळ कोण देणार? मुलगा पुस्तक घेऊन बसला कीं 'त्याला हांक मारूं नका' आणि मुलगी बसली कीं 'उठ, आधीं भाकऱ्या टाक', हा प्रकार ज्या घरांत चालतो त्या घरानें फुलेंचें चित्र भिंतीवर लावण्याचे श्रम घेऊं नयेत. रोज दोन तास, हांक न मारतां, एवढें पोरीच्या नांवानें लिहून द्या. सुगीला पोरें घरीं लागतातच, तें आम्ही जाणतों. पण परीक्षेच्या तारखा आधीं विचारून घ्या आणि जावळ, साखरपुडे, जत्रा यांसाठीं सत्राच्या मध्यें त्यांना बोलावूं नका.

दिवाळींत कॉलेजचीं पोरें गांवीं येतात. त्या आठ पंधरा दिवसांत दुसऱ्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलामुलींनीं नव्यांना घेऊन बसावें. आपण पहिल्या सत्रांत कोठें अडलों, वही कशी ठेवली, जुन्या प्रश्नपत्रिका कोठें मिळतात, ग्रंथालयाचें कार्ड कसें काढावें, हें सांगावें. आणि यंदा बारावीला असलेल्या पोरांनाही मागें बसवून घ्यावें. जागेचा प्रश्न नाहीं. सुटींत गांवची शाळा रिकामीच असते. गुरुजींना दोन दिवस आधीं सांगितलें म्हणजे एखाद्या वर्गाची किल्ली मिळूं शकते.