विकल्याची नोंद सरकारकडे, घेतल्याची कोणाकडे?

कर किती घ्यावा ह्याविषयी राज्यकर्ते आणि प्रजा ह्यांच्यात मतभेद असू शकतात. लोकशाहीत ते असावेतही. परंतु ज्या हिशेबावर कर बसवायचा तो हिशेब करदात्याच्या हाती असला पाहिजे, ह्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. सावकाराच्या ओटीवर उभे राहिलेले निरक्षर कूळसुद्धा 'माझे खाते वाचून दाखवा' असे म्हणू शके. आज बिटकॉइन, इथर अशा आभासी चलनांची खरेदी-विक्री करणाऱ्या पदवीधर तरुणाला मात्र आपले खाते आपल्याला पूर्णपणे, समजेल अशा नमुन्यात आणि हवे तेव्हा मिळेल ह्याची शाश्वती नाही! कर भरायला तो तयार आहे. पण कर ज्यावरून मोजायचा तो कागद त्याच्यापाशी नाही. ह्या विपरीत स्थितीकडे सरकारचे आणि वाचकांचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. २०२२ च्या वित्त कायद्याने ह्या चलनांना 'आभासी डिजिटल मालमत्ता' असे भारदस्त नाव दिले आणि १ एप्रिल २०२२ पासून त्यांच्या विक्रीतून होणाऱ्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर बसवला. अधिभार आणि उपकर ह्यांहून वेगळे. विक्रीच्या रकमेतून खरेदीची किंमत तेवढी वजा करायची. दुसरा कोणताही खर्च वजा करायचा नाही. एका चलनातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वळता करायचा नाही, आणि पुढच्या वर्षावर ढकलायचाही नाही. म्हणजे एका चलनात लाखाचा नफा आणि दुसऱ्यात लाखाचे नुकसान होऊन वर्षाअखेर ज्याच्या पदरात शून्य पडले, त्यानेही सरकारला तीस हजार रुपये मोजलेच पाहिजेत. १ जुलै २०२२ पासून त्यात आणखी एक भर पडली. ठराविक मर्यादेपुढच्या विक्रीच्या पूर्ण रकमेतून एक टक्का कर जागच्या जागी कापून सरकारजमा होऊ लागला. बिटकॉइन देऊन इथर घेतले आणि एक रुपयाही हाती आला नाही, तरी कायद्याच्या लेखी ती विक्रीच! ह्या मालमत्तेवरील करापोटी २०२२-२३ साली सुमारे २६९ कोटी आणि २०२३-२४ साली सुमारे ४३७ कोटी रुपये तिजोरीत आले, असे सरकारनेच संसदेत सांगितले आहे.

ह्या एक टक्क्याच्या कपातीतच सगळ्या प्रश्नाचे मर्म आहे. कपात होते ती विक्रीच्या रकमेवर. त्यामुळे अमुक माणसाने अमुक रकमेची विक्री केली, ही बातमी प्राप्तिकर खात्याला आपोआप पोहोचते. पण तीच वस्तू त्याने केवढ्याला घेतली होती, हे त्या कपातीवरून कळत नाही. ते कळते फक्त एक्स्चेंजच्या वहीवरून. समजा, एखाद्या शिक्षकाने ४ लाख ८० हजारांना घेतलेले चलन ५ लाखांना विकले. नफा वीस हजारांचा. त्यावर ३० टक्क्यांनी कर होतो सहा हजार. परंतु खरेदीची नोंद त्याला दाखवता आली नाही, तर पाचही लाख नफा धरले जाण्याची टांगती तलवार त्याच्या डोक्यावर राहते. आणि मग कर होतो दीड लाख! सहा हजार आणि दीड लाख ह्यांच्यामध्ये उभी आहे ती केवळ एक फाइल.

आता ती फाइल कशी असते तेही पाहा. कोणी एक्स्चेंज वर्षाची नोंद एकदम देते, तर कोणी दोन-तीन महिन्यांचे तुकडे करून देते. कोणाच्या फाइलीत किमती रुपयांत असतात, तर कोणाच्या डॉलरशी बांधलेल्या 'टेथर' चलनात. त्या दिवशीचा रुपयाचा भाव ग्राहकाने हुडकायचा. वेळ अनेकदा जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे नोंदलेली असते आणि ती आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असते. तेव्हा १ एप्रिलच्या पहाटे दोन वाजता केलेली विक्री त्या फाइलीत ३१ मार्चच्या रात्री साडेआठची म्हणून उमटते, आणि न कळत एका वर्षाचे उत्पन्न दुसऱ्या वर्षात जाऊन बसते! स्वतःच्याच एका खात्यातून स्वतःच्याच दुसऱ्या खात्यात चलन हलवले, तरी त्याची ओळ नुसती 'काढले' अशी दिसते. ते विकले की हलवले, हे मालकाला आठवले तर ठीक. इकडे विवरणपत्राच्या परिशिष्टात मात्र प्रत्येक व्यवहाराची खरेदीची तारीख, विक्रीची तारीख, खरेदीची किंमत आणि विक्रीची रक्कम मांडावी लागते. दिवसाला वीस व्यवहार करणाऱ्याने ह्या ओळी कशा जुळवायच्या?

आणि वही देणारेच नाहीसे झाले तर? रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी परिपत्रक काढून बँकांना ह्या व्यवहारांपासून दूर राहण्यास फर्मावले, तेव्हा एक्स्चेंजांना धंदा चालवणे कठीण झाले. 'कॉइनेक्स'ने तर जून २०१९ मध्ये आपला बाजार बंदच केला. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द ठरवले. पण बंद झालेले दुकान त्याने थोडेच उघडते? नोव्हेंबर २०२२ मध्ये 'एफटीएक्स' हे जगातले एक मोठे एक्स्चेंज दिवाळ्यात गेले. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाने नऊ परदेशी एक्स्चेंजांवर नोटिसा बजावल्या आणि त्यानंतर त्यांची संकेतस्थळे भारतात अडवण्यात आली. काहींनी पुढे रीतसर नोंदणी केली, हे खरे. परंतु दरवाजा बंद झाला त्या दिवशी ज्यांच्या नोंदी आतच राहिल्या, त्यांनी काय करावे ह्याचा विचार कोणी केला?

कोणी म्हणेल, हे सारे जुगारी. त्यांच्या हिशेबाची काळजी आम्ही का वाहावी? आम्ही आभासी चलनाचे भाट नाही. रिझर्व्ह बँक डिसेंबर २०१३ पासून त्याच्या धोक्यांचे इशारे देत आली आहे आणि ते इशारे योग्यच आहेत. परंतु ज्या धंद्यावर सरकार कर घेते, त्या धंद्याच्या हिशेबाकडे त्याला पाठ फिरवता येणार नाही. शिवाय लबाडाला ह्या गोंधळाची झळ पोहोचतच नाही. तो मुळी विवरणपत्रात ओळच लिहीत नाही. झळ पोहोचते ती प्रामाणिकपणे लिहू पाहणाऱ्याला. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचाच हा प्रकार!

ह्या नोंदी ठेवणे अशक्य आहे, असेही नाही. मार्च २०२३ मध्ये एक्स्चेंजांना काळा पैसा पांढरा करण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कक्षेत आणले गेले, आणि त्या कायद्याप्रमाणे व्यवहारांच्या नोंदी पाच वर्षे जपाव्या लागतात. २०२५ च्या वित्त कायद्याने तर ग्राहकांच्या व्यवहारांचे विवरण सरकारला सादर करण्याची जबाबदारीही घातली. म्हणजे तपासासाठी नोंदी जपल्या जातात आणि सरकारसाठी विवरण तयार होते. मग तेच विवरण ज्याचे आहे त्याच्या हाती ठेवायला अडचण ती कोणती? शेअरबाजारातल्या दलालाला प्रत्येक सौद्याची कॉन्ट्रॅक्ट नोट ग्राहकाला द्यावी लागते. बँक खातेउतारा देते. जो न्याय शेअरला, तोच ह्या चलनाला का नसावा?

सरकारकडे आमच्या मागण्या तीन आहेत. पहिली, प्रत्येक एक्स्चेंजने आर्थिक वर्ष संपताच ग्राहकाला संपूर्ण वर्षाचे विवरण एकाच ठरलेल्या नमुन्यात, भारतीय वेळेप्रमाणे आणि रुपयांत द्यावे. दुसरी, सरकारला जे विवरण जाते त्याची प्रत त्याच वेळी ग्राहकाला मिळावी, म्हणजे चूक असल्यास नोटीस येण्यापूर्वी ती दुरुस्त होईल. तिसरी, धंदा बंद करणाऱ्या एक्स्चेंजने सर्व ग्राहकांच्या नोंदी त्यांच्या हवाली केल्याखेरीज किंवा सरकारने नेमलेल्या ठिकाणी जमा केल्याखेरीज त्याची सुटका होऊ नये. ह्यांपैकी एकाही मागणीने सरकारचा एक पैसा बुडत नाही. उलट कर सुरळीत वसूल होतो.

वाचकांनाही आमचे एक सांगणे आहे. कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. विवरणपत्राची मुदत तोंडावर आल्यावर फाइली शोधणे म्हणजे बैल गेल्यावर झोपा करणे होय. दर तीन महिन्यांनी आपली नोंद संगणकावर उतरवून घ्या. नुसत्या सौद्यांची नव्हे, तर पैसे भरल्याची, चलन काढल्याची आणि कापलेल्या कराचीही घ्या. मूळ फाइल जशीच्या तशी दोन ठिकाणी ठेवा आणि जुळवाजुळव तिच्या प्रतीवर करा. बँकेचा उतारा तिच्याबरोबर राहू द्या. एका खात्यातून दुसऱ्यात चलन हलवले तर का व कोठे, हे त्याच दिवशी टिपून ठेवा. प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकाशी आपला आकडा ताडून पाहा आणि मगच सही करा.

आपल्या व्यापारी पेढ्यांत दिवाळीला वहीची पूजा होते, कारण वहीत लिहिलेले खरे धरले जाते. आज ती वही ग्राहकाच्या घरी नसून एक्स्चेंजच्या यंत्रात आहे आणि तिची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला आहे. ३० टक्के कर मागणाऱ्या सरकारने ती किल्ली ग्राहकाला मिळवून द्यावी. कर मागण्याचा अधिकार ज्याला आहे, हिशेब मिळवून देण्याचे कर्तव्यही त्याचेच आहे!