नूडल्स खा, पण टोफू घालून

आमच्या वस्त्यांतली पोरं नूडल्स खातात, आणि खाणारच. संध्याकाळ झाली की नाक्यावर चायनीजची गाडी लागते. झाऱ्याचा खणखणाट आणि लसणाचा वास गल्लीच्या टोकापर्यंत येतो. अशा वेळी आरोग्यावर लिहिणारे बहुतेक जण ‘बाहेरचं खाऊ नका’ एवढं सांगून मोकळे होतात. आम्ही ते सांगणार नाही. चार घरची धुणीभांडी उरकून जी बाई सात वाजता घरी पोचते, तिला उपदेश नको असतो. तिला अर्ध्या तासात होणारं आणि पोरं मागून खातील असं जेवण हवं असतं. म्हणून आमचं म्हणणं असं : नूडल्स घरी करा, झणझणीत करा आणि त्यात टोफू घाला.

दुधाचं पनीर, तसा सोयाबीनच्या दुधाचा टोफू. घट्ट टोफूच्या १०० ग्रॅममध्ये साधारण १० ते १५ ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम. ५० किलो वजनाच्या बाईला दिवसाला ४० ग्रॅमच्या वर प्रथिनं लागतात. आपल्या घरात ती कुठून येतात ते मोजून बघा. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी भात आणि पातळ वरण, रात्री पुन्हा भात. पोट भरतं, पण अंगाला काही लागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. महाराष्ट्रात हा आकडा ५४ टक्क्यांच्या आसपास आहे. वॉर्डात काम करताना आम्ही हेच रोज पाहिलं. हिमोग्लोबिन सात आणि बाई म्हणते, ‘जेवते की सिस्टर मी दोन्ही वेळा.’ ती खोटं बोलत नसते.

आता करायचं कसं ते सांगतो. चार माणसांसाठी २०० ग्रॅम हक्का नूडल्स घ्या. मसाल्याची पुडी असलेलं झटपट पाकीट नको, साधे नूडल्स घ्या. अंडं नको असेल तर पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून घ्या. २०० ग्रॅम टोफू, पाव कोबी, एक गाजर, एक ढोबळी मिरची, पातीच्या कांद्याची एक जुडी, आठ-दहा लसूण पाकळ्या आणि बोटभर आलं. सहा-सात सुक्या लाल मिरच्या गरम पाण्यात भिजत टाका. एवढं होईपर्यंत टोफू स्वच्छ फडक्यात गुंडाळून त्यावर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवा. पंधरा मिनिटांत त्यातलं पाणी निघून जातं. ही पायरी कुणीही गाळू नये. ओला टोफू कढईत टाकला की तो फुटतो, तेल उडतं आणि मग ‘हे काय बेचव आणलं’ असं घरात ऐकावं लागतं.

नूडल्स पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा मिनिटभर कमी उकळा, चाळणीत ओतून वरून गार पाणी सोडा आणि चमचाभर तेल चोळून ठेवा. टोफूचे चौकोनी तुकडे थोड्या कॉर्नफ्लॉवरमध्ये घोळवा आणि दोन चमचे तेलात सगळ्या बाजूंनी लालसर परतून बाजूला काढा. लोखंडी कढई असेल तर तीच घ्या, तिचं थोडं लोह अन्नात उतरतं. भिजलेल्या मिरच्या आणि निम्मा लसूण एकत्र वाटा. कढईत आणखी थोडं तेल चांगलं तापवून उरलेला लसूण आणि आलं टाका, लगेच ते वाटण टाका. ठसका लागेल, खिडकी उघडी ठेवा. मग आधी गाजर, नंतर कोबी आणि ढोबळी मिरची. आच मोठीच हवी, हात थांबायला नको आणि झाकण तर मुळीच ठेवायचं नाही. भाजी दाताखाली कुरकुरली पाहिजे. शेवटी नूडल्स, टोफू, एक मोठा चमचा सोया सॉस आणि पातीचा कांदा घाला, दोन मिनिटं परता आणि उतरवा. लिंबू ताटात पिळा. या लिंबामुळे टोफूतलं आणि भाजीतलं लोह शरीरात जास्त शोषलं जातं. जेवणाबरोबर चहा घेतला तर याच्या उलट होतं, म्हणून चहा तासाभराने.

कापाकापी आईनेच केली पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. बारा वर्षांच्या मुलाला कोबी चिरता येतो आणि त्याच्या बापालाही येतो.

वरून मीठ घालू नका, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. मोठा चमचाभर सोया सॉसमध्येच दोन ग्रॅमच्या वर मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते. झटपट नूडल्सच्या पाकिटामागे सोडियमचा आकडा छापलेला असतो, तो वाचायला मुलांना शिकवा : १ ग्रॅम सोडियम म्हणजे अडीच ग्रॅम मीठ. आपल्याकडे अजिनोमोटोच्या नावाने फार घाबरवतात. खरं तर वस्तीत घरोघरी रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत त्यांना जास्त भीती मिठाची आहे.

‘टोफू मॉलमध्ये मिळतो, आमच्या गावात कुठला?’ हा प्रश्न बायका विचारतात आणि तो बरोबर आहे. पण टोफू ज्याचा होतो ते सोयाबीन कुणाच्या हातून जातं? विदर्भ-मराठवाड्यात सोंगणीला वाकतात त्या आपल्याच आयाबहिणी. देशात सोयाबीन पिकवण्यात मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र सगळ्यात पुढे आहेत, लातूरची बाजारपेठ तर त्यासाठीच ओळखली जाते. दाणा मिलमध्ये जातो, तेल निघतं आणि प्रथिनांनी भरलेली पेंड कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात जाते. तूरडाळीच्या १०० ग्रॅममध्ये २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, सोयाबीनमध्ये ३६ च्या वर. जी बाई ते कापते तिच्या ताटात ते येत नाही, आणि ते खायचं कसं हे तिला कुणी शिकवलेलंही नाही. आम्हाला याचा राग येतो. टोफू मिळालाच नाही तर किराणा दुकानातली सोया वडी गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून याच नूडल्समध्ये घाला. चव वेगळी लागते, पण ताकद कमी नाही.

टोफूचं नाव काढलं की आणखी एक विषय निघतो. कुणी म्हणतं, मांस-मटण सोडा, शाकाहारी व्हा, शुद्ध व्हा. या ‘शुद्ध’ शब्दावर आमचा आक्षेप आहे. चीन-जपानच्या विहारांत भिक्खू शतकानुशतकं टोफू खात आले, हे खरं. पण संघात सर्वांवर शाकाहाराची सक्ती करा ही देवदत्ताची मागणी खुद्द बुद्धाने नाकारली, हे विनयपिटकातल्या चुल्लवग्गात नोंदलेलं आहे. ताटावरून माणसाची पायरी ठरवण्याचा खेळ आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगला आहे. तोच खेळ आज मुलांच्या अंड्यावर चालू आहे. २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवून शाळांना लोकसहभागातून सोय करायला सांगितलं. गरीब वस्तीच्या शाळेत कसला लोकसहभाग मिळणार? उद्या कुणी म्हणेल, अंडं कशाला, सोया आहे ना. तेव्हा या लेखाचा दाखला कुणी देऊ नये. टोफू ताटात वाढवण्यासाठी आहे, अंडं काढून घेण्यासाठी नाही. अंडं, मासळी, मटण जे परवडतं आणि आवडतं ते खावं, आणि ज्या दिवशी ते नाही त्या दिवशी हे खावं.

ज्यांनी स्वतःच्या विचाराने दूध-अंड्यासकट सगळं सोडलं आहे त्यांचा आम्ही आदर करतो. त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : या नूडल्समध्ये बी-१२ जीवनसत्त्व नाही. हातापायांना मुंग्या, सततचा थकवा असं काही असेल तर रक्त तपासून घ्या आणि गोळी डॉक्टरांना विचारून सुरू करा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती सकाळी उपाशीपोटी घ्या आणि सोयाचं जेवण त्यानंतर चार तासांनी. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी प्रथिनं किती खायची ते डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं. लहान मुलाला पहिल्यांदा देताना दोन-तीन तुकडेच द्या, पुरळ किंवा उलटी होत नाही ना ते बघा. सोया खाल्ल्याने पुरुष बायकी होतात ही अफवा आहे, ती ऐकून कुणी ताट सरकवू नये.

टोफू घरी करायचा तर पाव किलो सोयाबीन रात्री भिजवा. सकाळी धुऊन दोन लिटर पाणी वापरत बारीक वाटा आणि मोठ्या पातेल्यात ढवळत उकळा. फेस दुधासारखा वर चढतो, तिथून हलू नका. नंतर मंद आचेवर पंधरा मिनिटं शिजू द्या, कच्चं सोयाबीन पचत नाही. फडक्यातून गाळून दूध पुन्हा गरम करा आणि दोन-तीन लिंबांचा रस पाण्यात मिसळून हळूहळू सोडा. दूध फाटलं की दहा मिनिटं थांबा, फडक्यात बांधा आणि अर्धा तास वजनाखाली ठेवा. साधारण ४०० ग्रॅम टोफू होतो. फ्रिजमध्ये पाण्यात बुडवून ठेवला आणि पाणी रोज बदललं तर तीन-चार दिवस टिकतो. एकटीला एवढा खटाटोप जड जातो. चार घरांनी मिळून रविवारी वंदना झाल्यावर किलोभर सोयाबीनचं एकदाच केलं तर प्रत्येकीचं दोन वेळचं भागतं. गाळून उरलेला चोथा फेकू नका. तो शिजलेला असतो, कांदा-मिरची-कोथिंबीर घालून थालीपिठाच्या पिठात मळा.