डागडुजी झालेली मोटार ताब्यांत घेण्यापूर्वीं

अपघात झाला, सुदैवानें माणसें बचावलीं, विमा कंपनीनें खर्च मान्य केला आणि मोटार दुरुस्तीस गेली, म्हणजे प्रकरण संपलें, असें आपल्याकडील बहुतेक कुटुंबांत समजलें जातें. दोन-तीन आठवड्यांनीं गॅरेजमधून बोलावणें येतें. घरांतील एखादा तरुण संध्याकाळीं कामावरून परततांना तिकडे वळतो, धुऊन-पुसून चकचकीत केलेल्या गाडीभोंवतीं एक फेरी मारतो, पुढें केलेल्या कागदावर सही करतो आणि गाडी दारांत आणून उभी करतो. दुसऱ्या दिवशीं त्याच गाडींतून मुलें शाळेस जातात आणि आजीबाई देवदर्शनास. या सर्व प्रकरणांत अत्यंत महत्त्वाचा क्षण कोणता असेल तर तो त्या सहीचा. आणि नेमका तोच आपण सर्वांत घाईनें उरकतों. म्हणून या खेपेस आम्ही या विषयाकडे आमच्या वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

रंगाखालीं काय दडलें आहे हा प्रश्न किती गंभीर असूं शकतो, हें अमेरिकेंतील टेक्सस राज्यांत घडलेल्या एका प्रकरणावरून ध्यानांत येईल. तेथील एका दांपत्यानें २०१० सालच्या बनावटीची एक वापरलेली होंडा फिट मोटार विकत घेतली. पूर्वीच्या मालकाकडे असतांना गारपिटीनें तिचें छप्पर पोंचलें होतें व तें बदलण्यांत आलें होतें. नवें छप्पर वेल्डिंगनें सांधावें अशी उत्पादकाची सूचना असतांहि दुरुस्ती करणारांनीं तें चिकटद्रव्यानें बसविलें. वरून रंग नीटनेटका. घेणारास शंका येण्याचें कारणच नव्हतें. डिसेंबर २०१३ मध्यें दुसऱ्या वाहनाशीं टक्कर झाली, गाडीनें पेट घेतला आणि आंत अडकलेले गृहस्थ भयंकर भाजले. ऑक्टोबर २०१७ मध्यें डल्लस येथील ज्यूरीनें दुरुस्ती करणाऱ्या संस्थेच्या वांट्यास सुमारें ३ कोटि १५ लक्ष डॉलरांची भरपाई लावली. आंकडा मोठा खरा. परंतु तो ऐकून त्या दांपत्याचा हेवा वाटेल असा मनुष्य आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

केवळ छपराच्या सांध्यानें एवढें काय बिघडतें, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर मोटारीच्या रचनेंत आहे. आजच्या बहुतेक प्रवासी मोटारींना मालमोटारीसारखी निराळी चौकट नसते. पत्र्याचा सांधलेला सांगाडा हीच तिची चौकट. टकरीच्या वेळीं पुढचा व मागचा भाग ठराविक रीतीनें चेपला जाऊन आघात गिळावा आणि मधली माणसांची जागा मात्र अभंग राहावी, ही कल्पना बेला बारेन्यी या अभियंत्याची. तिचें पेटंट त्यास १९५२ सालीं मिळालें आणि १९५९ सालच्या मर्सिडीझ मोटारींत ती प्रत्यक्षांत आली. अशा रचनेंत प्रत्येक पट्टीचें पोलाद, तिची जाडी आणि तिचे सांधे यांचा हिशेब आगाऊ बांधलेला असतो. उच्च बलाचें पोलाद गॅसच्या ज्योतीवर लाल करून ठोकून सरळ केलें तर आकार परत येतो, बळ परत येत नाहीं. पुढच्या वेळीं तो भाग ठरल्याप्रमाणें चेपेल याची मग शाश्वती उरत नाहीं.

यावरून पहिला नियम निघतो तो असा कीं, गाडी एकदां नव्हे, दोनदां पाहावी. आणि त्यांतील पहिली भेट रंग चढण्यापूर्वींची असावी. काम देतांनाच सांगून ठेवावें कीं, पत्र्याचें काम पुरें झालें म्हणजे लांबी भरण्याआधीं आम्हांस बोलवा. त्या वेळीं कोणता भाग बदलला, कोणता ठोकून सरळ केला, सांधे कोठें दिले हें उघड्या डोळ्यांनीं दिसतें. स्वतः जाणें न जमल्यास छायाचित्रें मागवावीं. आज प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा असल्यामुळें ही मागणी कोणासहि जड नाहीं. काढलेले जुने भागहि पाहून घ्यावे. सर्वसाधारण विमापत्रांत प्लॅस्टिक व रबर यांच्या भागांवर निम्मा घसारा मालकाच्या माथीं बसतो. तेव्हां बिलांत “नवा” म्हणून लिहिलेला बंपर खरोखरच नवा आहे काय, हें पाहण्यांत संकोच कसला?

दुसरी भेट गाडी ताब्यांत घेतांना; आणि ती दिवसाउजेडीं. विजेच्या दिव्याखालीं सगळेच रंग एकमेकांशीं जमवून घेतात, उन्हांत ते खरें बोलतात. गाडी धुतलेली पण कोरडी असावी. दरवाजा, बॉनेट व डिकी यांच्या भोंवतालच्या फटी उजवीकडे व डावीकडे सारख्या आहेत काय, हें प्रथम पाहावें. एका बाजूस बोट शिरतें व दुसऱ्या बाजूस नख शिरत नाहीं, अशी स्थिति असेल तर सांगाडा अजून वांकडा असण्याचा संभव असतो. दरवाजा हलक्या हातानें लागला पाहिजे. रंगाचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत, त्यांत धुळीचे कण, किंवा काचेच्या रबरावर रंगाचे तुषार, हीं घाईच्या कामाचीं लक्षणें होत. मात्र रंग जुळावा म्हणून शेजारच्या चांगल्या पत्र्यावरहि हलका हात फिरविलेला असल्यास ती फसवणूक समजूं नये. धातूची चमक असलेल्या रंगांत तीच योग्य रीत आहे.

माठ विकत घेतांना आमच्या घरांतील बायका तो बोटानें वाजवून पाहतात. तीच युक्ति येथें चालते. शाबूत पत्र्याचा आवाज मोकळा येतो, जाड लांबी भरलेल्या ठिकाणीं तो बद्द येतो. फ्रिजवर लावण्याचें चपटें लोहचुंबक हातरुमालांत गुंडाळून फिरविलें तर लांबीच्या थरावर त्याची पकड सैल पडते. बंपर प्लॅस्टिकचा आणि क्वचित् बॉनेट ॲल्युमिनियमचें असतें, तेथें ही परीक्षा लागू नाहीं. रंगाची जाडी मोजण्याचें लहान यंत्रहि मिळतें. कारखान्यांतून आलेला रंग बहुधा १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास भरतो; तोच आंकडा हजाराच्या घरांत गेला तर पत्रा सरळ न करतां खळगा बुजविला आहे, असें समजावें.

यानंतर रबरी नळीनें काचांवर व दरवाजांवर पांच मिनिटें पाणी सोडून आंतील गालिचा हातानें चांचपावा. आपल्याकडील पावसाळ्यांत ही परीक्षा आपोआप होते. पण ती गॅरेजांत झालेली बरी. मग कारागिरास शेजारीं बसवून सपाट, सरळ रस्त्यावर गाडी चालवावी. ती एका बाजूस ओढते काय, सरळ जातांना सुकाणूचें चाक तिरपें राहतें काय, ब्रेक लावतांच दिशा बदलते काय, हें पाहावें. व्हील अलाइनमेंटचा दुरुस्तीपूर्वींचा व नंतरचा आंकडेवार कागद मागून घ्यावा. अंधार पडल्यावर दोन्ही दिव्यांचा झोत भिंतीवर पाडून तो सारख्या उंचीवर पडतो कीं नाहीं, हेंहि तपासावें.

सर्वांत नाजूक बाब एअरबॅगची. भारतांत १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकापुढील एअरबॅग सक्तीची झाली. ती एकदां फुगली म्हणजे पुन्हां उपयोगाची नसते. आघाताच्या क्षणीं आसनपट्टा आंवळून धरणारें साधनहि एकदां उडाल्यावर बदलावेंच लागतें. किल्ली फिरवितांच एअरबॅगचा दिवा समोर लागला पाहिजे आणि कांहीं सेकंदांनीं विझला पाहिजे. तो विझत नसेल तर दोष आहे हें सर्वांस कळतें. पण तो मुळींच लागत नसेल तर दोष झांकलेला असण्याचा संभव आहे, हें फारच थोड्यांस ठाऊक असतें. पुढच्या काचेमागें कॅमेरा किंवा बंपरमागें रडार असलेल्या गाडींत काच वा बंपर काढल्यानंतर त्यांची जुळणी पुन्हां केल्याचा लेखी दाखलाहि घ्यावा.

इतकें झाल्यावर सहीचा प्रश्न. विमा कंपनीचा सर्व्हेयर येऊन गेला आहे, आतां आपण काय पाहावयाचें, असें पुष्कळांस वाटतें. सर्व्हेयरचें मुख्य काम नुकसानाची किंमत ठरविण्याचें. त्या गाडींत बसणारीं माणसें आपलीं आहेत. पुढें केलेलें समाधानपत्र हें नांवाप्रमाणेंच समाधान झाल्यावर सही करण्याचें पत्र आहे. उणीव दिसल्यास ती त्याच कागदावर तारखेसह लिहावी, जबाबदार माणसाची सही घ्यावी आणि एक प्रत घरीं आणावी. तोंडी आश्वासन कितीहि गोड असलें तरी गाडी फाटकाबाहेर पडल्यावर त्याची आठवण दोन्ही पक्षांस सारखी राहत नाहीं.

या तपासणीनें चांगल्या कारागिराचा अपमान होतो, ही समजूत चुकीची आहे. ज्यानें सांधा नीट दिला आहे त्यास तो दाखविण्याची हौसच असते. आपण पाहावयास गेलों तर तो दोन गोष्टी अधिक सांगेल. त्रासतो तो बहुधा दाखविण्यासारखें कांहीं नसलेला. म्हणून आमची सूचना एवढीच कीं, पुढें असा प्रसंग आल्यास घरांतील एकट्या तरुणावर काम न टाकतां दोघांनीं जावें, सकाळची वेळ घ्यावी आणि निदान एक तास हातांत ठेवावा. एका तासापायीं कचेरींतील अर्धी रजा खर्ची पडेल. तीहि सार्थकीं लागली असेंच आम्ही म्हणूं.