कोंबडीच्या पानात काय वाढाल?

वाचकहो, दिवाळी आली की घरोघर फराळाच्या डब्यांची चर्चा सुरू होते. आमच्या घरी मात्र गेल्या दिवाळीत चर्चा झाली ती कोंबड्यांच्या खाण्याची, आणि तिला कारणही तसेच घडले.

आमच्या परसात पाच कोंबड्या आहेत. नातवाच्या हट्टापायी त्या आल्या आणि हट्ट ओसरल्यावर माझ्या गळ्यात पडल्या. कोंबडी म्हणजे उकिरड्यावर पोट भरणारा जीव. तिला विकतचे खाणे कशाला, असा माझा काटकसरी हिशेब. तांदळाची कणी, उरलेला भात, पोळीचे तुकडे आणि सणावारी डब्याच्या तळचा चिवडा, असा त्यांचा थाट असे. खातही मोठ्या आवडीने.

पुढे अंड्यांची टरफले पातळ होऊ लागली. एके सकाळी तर टरफलच नाही, नुसत्या पापुद्र्यातले अंडे हाती आले. आठवड्याने तांबडी, आमची सर्वांत गुणी कोंबडी, खुराड्याच्या कोपऱ्यात बसून राहिली. उठवली तर पाय धरीना. नातू काही बोलला नाही, तिच्याशेजारी नुसता बसला. त्याचे ते न बोलणे मला फार लागले.

गुरांच्या डॉक्टरांनी तिला तपासले आणि विचारले, "काकू, हिला खायला काय घालता?" मी मोठ्या अभिमानाने यादी सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे ही स्वतःच्या हाडांतून अंडी घालते आहे!"

गोष्ट खरी होती. एका टरफलात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते. कणीत आणि भातात कॅल्शियम जवळजवळ नाहीच, प्रथिनेही थोडी. मग ती टरफलासाठी हाडे झिजवते आणि शेवटी पायच जातात.

तेव्हा पहिला नियम, वय पाहून पान वाढावे. पहिले आठ आठवडे पिलांना चिक मॅश. त्यात सुमारे २० टक्के प्रथिने असतात. पुढे तलंगांना ग्रोअर मॅश. अठराव्या-विसाव्या आठवड्याला, अंड्यावर येण्याच्या सुमारास, लेअर मॅश. त्यात १६ ते १८ टक्के प्रथिने आणि तीन-साडेतीन टक्के कॅल्शियम असते. हेच खाणे लहान पिलांना घालू नये, इतक्या कॅल्शियमने त्यांचे मूत्रपिंड बिघडते. ब्रॉयलरचे खाद्य तर भराभर वजन वाढवण्यासाठी असते, अंड्यावरच्या कोंबडीला ते कामाचे नाही.

शिंपल्यांची भरड वेगळ्या वाटीत ठेवावी. टरफल रात्री घडते, म्हणून कोंबडी संध्याकाळी आपणहून तिकडे वळते. अंड्याची टरफलेही चालतात, पण भाजून बारीक कुटून. नाहीतर स्वतःची अंडी फोडून खाण्याची तिला चटक लागते.

स्वयंपाकघरातले उरलेसुरले एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. खारट फरसाण, लोणचे, हिरवट बटाट्याची साल आणि न शिजवलेले राजम्याचे दाणे मुळीच नकोत.

बुरशीचा वास आलेले खाद्य तर स्वस्त म्हणून घेऊ नका. १९६० साली इंग्लंडात लाखावर टर्की पक्षी दगावले. शोध घेता दोष सापडला तो बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीत. अफ्लाटॉक्सिन हे विष तेव्हाच जगाला कळले. म्हणून महिनाभर पुरेल इतकेच खाद्य आणावे, कोरड्या झाकणाच्या डब्यात ठेवावे.

आणि कोंबडीच्या खाण्याला हसू नका बरे! १८९० च्या सुमारास जावा बेटावर आइकमन या डच डॉक्टरांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांचे पाय असेच लुळे पडले. त्यांना इस्पितळातला उरलेला पांढराशुभ्र भात मिळत होता. नव्या स्वयंपाक्याने तो देण्याचे नाकारले, कोंबड्यांना असडिक तांदूळ मिळू लागला आणि त्या चालू लागल्या. त्याच धाग्यावरून बेरीबेरीचे मूळ आणि जीवनसत्त्वांचा शोध लागला. आइकमनना १९२९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

दिवाळीच्या सुमारास मात्र अंडी कमी झाली म्हणून लगेच खाद्याला दोष देऊ नये. दिवस लहान होतात, कोंबड्या पिसे टाकतात. तेव्हा त्यांना विसावा हवाच असतो.

आमच्या तांबडीला डॉक्टरांनी औषध दिले, मी खाणे बदलले. तिसऱ्या आठवड्यात ती लंगडत का होईना, वाटीपर्यंत आली. नातवाने मला स्वयंपाकघरातून हात धरून बाहेर नेले आणि दाखवले. आज ती अंडी थोडी कमी घालते, पण टरफल असे की कढईच्या काठावर दोनदा आपटावे लागते.

यंदाचा चिवडा आम्हीच संपवणार आहोत. तुम्हा सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा!