लॅपटॉप बदलू नका, डिस्क बदला

१ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि ज्यांचा सारा कारोबार लाल वहीवर चालत होता, अशा आपल्या पुष्कळ व्यापारी बांधवांना लॅपटॉप घ्यावा लागला. त्या दोन-चार वर्षांत घेतलेली यंत्रे आता थकली आहेत. बटण दाबावे, चहा मागवावा, तो पिऊन संपावा, तरी पडदा उघडत नाही. बिलासाठी गिऱ्हाईक ताटकळते. दुरुस्तीला नेले की उत्तर ठरलेले, "शेठ, जुना झाला, नवा घ्या."

या सल्ल्यात विकणाऱ्याचा फायदा जास्त, घेणाऱ्याचा कमी असतो. थकलेला असतो तो बहुधा लॅपटॉपचा एकच भाग, हार्ड डिस्क. तिच्यात चकत्या असतात. लॅपटॉपमध्ये त्या साधारणपणे मिनिटाला ५४०० फेरे घेतात आणि वाचणारी सुई चकतीला न टेकता केसाहूनही बारीक अंतरावर तरंगते. यंत्रमागाच्या शेडमध्ये, माग धडधडत असताना, त्याच फरशीवरच्या टेबलावर हे नाजूक काम चालते. ती इतकी वर्षे टिकली हेच नवल. तिच्या जागी एसएसडी बसवली की फिरणारे काही उरत नाही, सारे चिपमध्ये. जुनी डिस्क सेकंदाला फार तर १०० एमबीच्या आसपास वाचते, साधी साटा एसएसडी ५०० च्या पुढे. फरक पहिल्याच दिवशी कळतो.

मी कापडाचा माणूस, कॉम्प्युटरचा कारागीर नव्हे. पण माल पारखणे आपल्याला येते. सूत घेताना काउंट विचारतो, कापड घेताना पन्हा मोजतो. येथेही आधी पन्हाच पाहायचा. जुन्या लॅपटॉपमध्ये २.५ इंची साटा डिस्क असते. तिची जाडी ७ किंवा ९.५ मिलिमीटर. एसएसडी ७ ची येते, म्हणून ती दोन्ही जागी बसते. सैल वाटली तर सोबत पातळ चौकट लावतात. नंतरच्या लॅपटॉपमध्ये एम-डॉट-टू नावाची पट्टी असते. तिच्यावर २२८० लिहिलेले असेल तर रुंदी २२ आणि लांबी ८० मिलिमीटर समजावी. खरी फसगत इथे होते. दिसायला सारख्या या पट्ट्या दोन जातींच्या असतात, साटा आणि एनव्हीएमई. एका जातीच्या जागेत दुसरी बसली तरी चालेलच असे नाही. तेव्हा लॅपटॉपचा मॉडेल नंबर कागदावर लिहून न्यावा, जमल्यास लॅपटॉपच न्यावा. काही पातळ लॅपटॉपमध्ये ही चिप मुख्य पाटीवरच डाख देऊन जोडलेली असते. तेथे बदलण्याचा प्रश्नच नाही.

किती मोठी घ्यावी? हिशेबाचे काम असेल तर ५०० जीबी पुष्कळ. पडद्यावर ती ४६५ दिसेल. ती लबाडी नव्हे, मोजण्याच्या दोन रीतींचा फरक आहे. लॅमिंग्टन रोडवर घ्या की गावात, पक्के बिल आणि त्यावर डिस्कचा सीरियल नंबर मागून घ्या. वॉरंटी मागताना तोंडी शब्द कामाला येत नाही. बाजारभावाच्या निम्म्यात कोणी एक-दोन टीबी देत असेल तर सौदा नको, खोटा आकडा दाखवणारा माल बाजारात फिरतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. तुमचे यंत्र विंडोज ११ च्या अटीत बसते का, हे डिस्कवर पैसे घालण्यापूर्वी पाहा. इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढची यंत्रे बहुधा बसतात. त्याहून जुने असेल तर नवी डिस्क घालून ते हिशेबाला आणि बिलांना ठेवावे, बँकेचे काम मात्र त्यावर करू नये.

आता बसवण्याचे. पेचकस हाती घेण्याआधी हिशेबाची नक्कल काढा, पेन ड्राइव्हवर एक आणि दुसरीकडे एक. जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात, आणि डिस्क बिघडली ही सबब तेथे चालत नाही. डिस्क टकटक आवाज करत असेल तर वारंवार चालू-बंद करून पाहू नका, आधी कामाच्या फाइली बाहेर काढा. ती धड असेल तर नवी डिस्क यूएसबी केबलने बाहेर जोडून सारे जसेच्या तसे उतरवून घेता येते; विंडोज, टॅली, सगळे.

मग लॅपटॉप बंद, चार्जर बाजूला, बॅटरी सुटी. हात एखाद्या धातूला लावून घ्यावा, अंगातली स्थिर वीज चिपला मारक असते. स्क्रू ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने कागदावर मांडा. त्यांची लांबी सारखी नसते, लांब स्क्रू आखूडाच्या जागी पिळला तर आतली पाटी फुटू शकते. झाकण उघडलेच आहे तर पंख्यात अडकलेला कापसाचा तूसही ब्रशने काढून टाका. स्वतः करायचे नसेल तर कारागिराकडून करून घ्या, पण समोर बसून. लॅपटॉप सोडून घरी येऊ नका.

कारण मुद्दा जुन्या डिस्कचा आहे. "ती काय करायची शेठ, राहू द्या इथेच," असे म्हणतात आणि आपण राहू देतो. तिच्यात गिऱ्हाइकांची उधारी आहे, कोणाला काय भाव दिला ते आहे, लोकांचे पॅन आणि बँक खाते आहे. ही त्यांची अमानत आहे, आपली मालमत्ता नव्हे. साधे फॉरमॅट केल्याने ती पुसली जात नाही, जाणता माणूस परत काढतो. म्हणून डिस्क घरी आणावी. चालत असेल तर स्वस्तातल्या बाहेरच्या डबीत घालून दर जुम्याला तिच्यावर नक्कल घ्यावी. एसएसडी मरते तेव्हा बहुधा आवाज न करता, एकदम मरते, आणि तिच्यातून माल परत काढणे अवघड जाते. ही नक्कल दुकानात नव्हे, घरी ठेवावी. आणि जुनी डिस्क मेलीच असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी ड्रिलने चकत्यांतून दोन-तीन भोके पाडावीत.