दंतचक्र फळ्यावर फिरत नाही

विज्ञानाच्या पुस्तकात दंतचक्रांचे एक ठरीव चित्र असते. दोन चक्रे, परस्परांत गुंतलेले दाते आणि फिरण्याची दिशा दाखविणारे दोन बाण. हे चित्र आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर काढीत आलो. मुले ते वहीत सुबकपणे उतरवून घेत आणि परीक्षेत गुणही मिळवीत. एके दिवशी मात्र आम्ही तीन चक्रे त्रिकोणात एकमेकांस भिडवून काढली व ती कोणत्या दिशेने फिरतील, असे विचारले. साऱ्या वर्गाने निःशंकपणे तिन्ही चक्रांवर बाण काढून दिले. ती चक्रे फिरणारच नाहीत, हे एकाच्याही ध्यानी आले नाही. खरे सांगायचे तर, तो प्रश्न विचारीपर्यंत आम्हीही त्याचा पुरता विचार केलेला नव्हता.

उत्तर दिले ते पत्र्याच्या बुचांनी. थंड पेयाच्या काचेच्या बाटलीचे बूच नीट निरखून पाहिले, तर त्याच्या कडेला २१ दाते आढळतात. न वाकलेली बुचे निवडून, मध्यभागी दाभणाने भोक पाडून, ती एका फळीवर चुकांनी सैलसर ठोकली. दोन बुचे उलट दिशांनी फिरली. तिसरे रांगेत लावले, ते पहिल्याच्याच दिशेने फिरले. तेच तिसरे बूच काढून पहिल्या दोघांना एकदम भिडविले आणि सगळी जागच्या जागी अडकली. वर्गात क्षणभर शांतता पसरली आणि मग चार बुचांचे, पाच बुचांचे कडे करून पाहण्याची एकच झुंबड उडाली. सम संख्येचे कडे फिरते, विषम संख्येचे अडते, हा नियम आम्ही सांगितला नाही. तो आम्हाला सांगण्यात आला.

परंतु सगळी बुचे सारख्याच आकाराची. त्यांनी दिशा कळते, गती कमी-अधिक होणे कळत नाही. त्यासाठी खोक्याचा नालीदार पुठ्ठा उपयोगी पडतो. वरचा एक कागद किंचित ओला करून सोलला की आतील नाल्या उघड्या पडतात. नाल्यांना आडवी पट्टी कापून ती गोल चकतीभोवती चिकटविली की दातेरी चाक तयार! आमच्या पहिल्या चाकांना सांध्यापाशी अर्धा दाता राहत असे आणि प्रत्येक फेऱ्यात ते तेथेच अडखळे. मग मुलांनी काम उलट बाजूने सुरू केले. आधी २० नाल्या मोजून पट्टी कापली. ती सुमारे १५ सेंटीमीटर भरली. तिला ३.१४ ने भागून चकतीचा व्यास काढला, तो सुमारे पावणेपाच सेंटीमीटर आला. परिघाचे सूत्र ही मुले पाठ म्हणत होतीच. त्याचा काही उपयोग असतो, हे त्या दिवशी त्यांना प्रथम पटले. ६० नाल्यांचे दुसरे चाक केले. लहान चाक तीनदा फिरले, तेव्हा मोठे एकदा. चुका फार जवळ ठोकल्या तर चाके घट्ट बसतात, फार दूर ठोकल्या तर निसटतात, हेही ओघाने आलेच.

पुठ्ठ्याचे चाक चार दिवसांत दबते आणि भार तर मुळीच पेलीत नाही. म्हणून जोर शिकवायला आम्ही सायकल उलटी केली. पुढील चाकीला ४४ दाते, मागील फ्रीव्हीलला १८. पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. मग सायकल सरळ करून मैदानात खडूने मोजले, तर एका फेऱ्यात ती साडेपाच मीटरच्या आसपास पुढे गेली. गती मिळाली, पण चढावर पाय का भरून येतात, तेही येथेच समजते.

त्याच तासाला एरवी तोंड न उघडणारा एक विद्यार्थी बोलू लागला. त्याच्या घरी उसाच्या रसाचा गाडा आहे. चरकाला लहान चाक मोठ्या चाकाला फिरविते, त्यामुळे लाट हळू फिरते पण जाड ऊसही चिरडते; दोन ऊस एकदम घातले तर दाता तुटण्याची भीती असते; वंगण कोठे घालावे, हे सारे त्याने सांगितले. हे ज्ञान त्याच्याजवळ कित्येक वर्षे होते. आमच्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेत त्याला जागा नव्हती. आमच्या वसतिगृहातील कितीतरी मुलांचे पालक गॅरेजमध्ये, साखर कारखान्यात, शिवणयंत्रावर राबतात. त्यांच्या हातातील विद्या शाळेच्या फाटकाबाहेर थांबते, याची आम्हाला खंत वाटते.

आता एका आक्षेपाविषयी. काही माजी विद्यार्थी आम्हाला कळवळून विचारतात, ‘आमच्या मुलांनी कायम भंगारावरच शिकायचे काय?’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्यामागील दुखावलेपण आम्ही जाणतो. स्वस्त म्हणजे गरिबांसाठी, ही वृत्ती आम्हालाही मान्य नाही. सूक्ष्मदर्शक, तराजू, विद्युतमापक ही साधने उत्तम प्रतीचीच हवीत. तेथे जुगाड चालत नाही. पण दंतचक्रांची गोष्ट वेगळी आहे. एका शाळेत आम्ही देणगीतून आलेला, चकचकीत प्लॅस्टिक चक्रांचा संच पाहिला. तो काचेच्या कपाटात कुलूपबंद होता, एखादा दाता हरवेल या भीतीने. पुठ्ठ्याचे चाक मोडले तर मूल दुसरे करते. मोडण्याची ही मुभा आम्हाला किमतीहून मोलाची वाटते. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने आणि पुण्याच्या आयुकातील केंद्रातून अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून जे शिकविले, ते नाइलाज म्हणून नव्हे.

यात वाचतो तो पैसा. वेळ वाचत नाही. एका धड्याला चार तासिका लागल्या आणि अभ्यासक्रम मागे पडल्याबद्दल आमची कानउघाडणीही झाली.

तेव्हा माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती अशी : पुढील स्नेहसंमेलनास येताना एखादे बंद पडलेले भिंतीवरचे घड्याळ, जुने फ्रीव्हील, मोडके शिवणयंत्र सोबत आणावे. मिनिटकाट्याच्या १२ फेऱ्यांत तासकाटा एकदाच कसा फिरतो, हे घड्याळ खोलून पाहायला आठवीची मुले आतुर झाली आहेत. आणि ज्यांचे गॅरेज आहे, त्यांनी रविवारची एक सकाळ मोकळी ठेवावी. स्क्रू-ड्रायव्हर आमच्याकडे दोनच आहेत.