भिंतीतली पोया

आदिलाबादच्या जैनद, बेला भागात पैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे शिवार एकच: काळी जमीन, कापूस, मध्ये तुरीची तासं. इथल्या जुन्या मातीच्या भिंतीत, पोकळ खोडात राहणाऱ्या पोयाला मधमाशी म्हणून कुणी फारसं मोजत नाही. जेमतेम चार मिलिमीटरची काळी माशी, तिला डंख मारता येत नाही. घराच्या तोंडाशी राळ-मेणाची बारीक नळी दिसली की समजावं, आत पोया आहे. आग्या किंवा सातेरीसारखं पोळं ती बांधत नाही. मेणात राळ मिसळून इवली गाडगी करते आणि त्यांत मध साठवते. तो इतका थोडा, की मध काढणारे तिच्या वाटेला जात नाहीत. केरळात मात्र याच कुळातल्या माश्या लोक मडक्यात, बांबूत पाळतात आणि त्यांचा मध ‘चेरुतेन’ म्हणून चढ्या भावाने विकतात.

मला काळजी आहे ती तिच्या घराची. त्रास झाला की सातेरीचं अख्खं मोहोळ उठून जातं. पोयाची अंडी घालणारी राणी जड होते, तिला उडता येत नाही. कामकरी माश्याही घरापासून काहीशे मीटरपलीकडे सहसा जात नाहीत. त्या दोन-चार शेतांत विष पडलं तर तिला दुसरा आसरा नाही.

आणि कापसाच्या पट्ट्यात विष पडतंच. २००२ साली बीटी वाण आलं, तरी मावा-तुडतुड्यांसाठी पंप पाठीवर राहिलाच. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही कीटकनाशकं झाडात भिनतात, फुलाच्या रसात उतरतात. मधमाश्यांना धोका म्हणून युरोपीय संघाने २०१८ मध्ये त्यांचा उघड्या शेतातला वापर बंद केला. २०१७ मध्ये नदीपलीकडे यवतमाळात फवारताना शेतकरी, मजूर दगावले. त्यानंतरही फवारणीची वेळ माशी पाहून ठरवावी, हे आपल्या गावांत रुजलेलं नाही.

कापसाचं माशीवाचून फारसं अडत नाही, हे खरं. पण धुऱ्यावरच्या दोडक्या-कारल्याची नर-मादी फुलं वेगळी असतात. माशी फिरली नाही तर फळ धरत नाही. बियाला सोडलेल्या सांभारालाही तीच लागते.

म्हणून शेतकरी बंधूंनो, फुलं उघडी असताना फवारू नका. दिवस कलून माश्या घरी परतल्यावर फवारा. घरकुलासाठी जुनी भिंत पाडताना नळी दिसली, तर राणी आणि अंड्यांचा गोळा अलगद काढून भोक पाडलेल्या मडक्यात ठेवा, आणि मडकं त्याच जागी टांगा.